छपरावरची वीज: फोंडा तालुक्यातील एका सौर सेवेचा अनुभव

१ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरच्या रुळांवर रेल्वे दुपदरीकरणाला विरोध करण्यासाठी जी माणसे जमली, त्यांत मी होतो. मुरगाव बंदरातून गोव्याच्या छातीवरून जाणारा कोळसा आम्हाला नको होता. परंतु माझ्या घरातला दिवा कशावर जळतो, हा प्रश्न त्या रात्रीनंतर मला सुखाने झोपू देईना. गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही, आपली बहुतांश वीज बाहेरून येते आणि तिचा मोठा भाग कोळशाचाच असतो. मोलेच्या जंगलातून सांगोडला येणाऱ्या ज्या ४०० केव्ही वीजवाहिनीविरुद्ध आपण पत्रके वाटली, तिच्या ‘गोवा-तमनार’ या नावातले तमनार छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात आहे आणि तिथल्या गारे परिसरातील ग्रामस्थ दरवर्षी २ ऑक्टोबरला कोळसा सत्याग्रह करतात. ते आपली जमीन राखत आहेत आणि आपण आपले जंगल, हे लक्षात आल्यावर छपरावर सौर पॅनेल बसवण्याचे मी ठरवले.

काम फोंड्यातील एका छोट्या कंपनीला दिले. तिचे नाव येथे घेत नाही. तीन किलोवॉटच्या संचाला एक लाख नव्वद हजार रुपये लागले आणि त्यातील ७८,००० रुपये पंतप्रधान सूर्यघर योजनेतून खात्यात परत आले. अनुदानाचे गणित सोपे आहे: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये. कागदपत्रांचा सारा व्याप कंपनीनेच सांभाळला आणि तो चोख सांभाळला. पाहणीला आलेल्या तरुणाने मात्र परसातला आंबा कापण्याचा सल्ला दिला, कारण दुपारनंतर त्याची सावली कौलांवर पडते. मोलेची झाडे वाचवण्यासाठी फिरलेल्या माणसाने स्वतःच्या परसात कुऱ्हाड चालवावी, यातला विनोद त्याला कळला नाही. शेवटी पॅनेले गोठ्याच्या पत्र्यांवर गेली, वायर थोडी जास्त लागली आणि आंबा राहिला. तेही एका परीने बरेच झाले, कारण मंगळुरी कौलांवर लोखंडी सांगाडा उभा करायचा म्हणजे चार कौले फुटणार आणि पहिल्याच पावसात माजघरात घमेली मांडावी लागणार, हे ठरलेलेच असते.

एप्रिल-मेमध्ये उत्पादन उत्तम असते. जुलैत ते निम्म्याच्याही खाली जाते, पण उन्हाळ्यात वीजजाळ्यात दिलेली वीज बिलातून वळती होत असल्याने वर्षाचा हिशेब जुळतो. विक्रेते एक गोष्ट आपणहून सांगत नाहीत. बॅटरी नसलेला असा संच बाहेरची वीज गेल्याबरोबर बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलटा प्रवाह बसू नये अशी ती व्यवस्था आहे. पावसाळ्यात आमच्या वाड्यावर वीज किती वेळा जाते हे ठाऊक असूनही कंपनीने ते आधी सांगितले नाही. दोन्ही बाजूंची वीज मोजणारा मीटर बसायला अडीच महिने गेले, त्यात मात्र कंपनीचा दोष नव्हता.

खरी तक्रार वेगळी आहे. पत्र्यावर चढलेल्या तिघा मुलांपैकी कोणाच्याही कमरेला सुरक्षा पट्टा नव्हता. त्यांच्यातला एकजण डिचोलीकडचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये गोव्यातील खनिज उत्खनन थांबले, तोवर तो ट्रक चालवत होता. आता रोजंदारीवर पॅनेले चढवतो. खाण बंद झाली तेव्हा ट्रकवाल्यांचे पुढे काय, याचे नियोजन कोणी केले नव्हते, आणि स्वच्छ म्हणवणाऱ्या नव्या धंद्यातही त्याचे पोट तसेच टांगलेले आहे. मी पट्टे मागितले तेव्हा दुसऱ्या दिवशी दोन आले. तिसरा आला नाही, म्हणून तिसऱ्याला मी खालीच थांबवले.

शेजारच्या काकींनाही पॅनेले हवी होती. त्यांचे बिल माझ्यापेक्षा कमी असले तरी त्यांच्या मिळकतीच्या मानाने ते जड आहे. कंपनीचा माणूस त्यांच्या ओसरीवर बसला, घरपट्टीची पावती पाहिली, मालकीचा कागद मागितला आणि उठला. काकी मुंडकार आहेत, म्हणजे भाटकाराच्या, दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहतात. १९७५ च्या कायद्याने त्यांना त्या घरातून कोणी काढू शकत नाही आणि घर विकत घेण्याचा हक्कही दिला आहे, परंतु तो हक्क कागदावर उतरेपर्यंत कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि स्वतःच्या छपराचे घर असल्याखेरीज अनुदान नाही. वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित घरांचीही तीच अडचण. उन्हाला मालकी लागत नाही, अनुदानाला लागते.

दिल्लीत २०१९ पासून एका ठिकाणच्या सौर प्रकल्पाची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून देण्याची सोय आहे. आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या अग्रशाळेवर, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या इमारतीवर, तसे काही करता येईल का, असे मी कंपनीला विचारले. छपरामागे एक ग्राहक, एवढेच आम्ही करतो, असे उत्तर मिळाले. ज्यांच्या नावावर घर आणि खात्यात पैसे आहेत, त्यांना ही सेवा मी पट्ट्यांची अट घालून सुचवेन: पाचपैकी साडेतीन. काकींच्या बाबतीत गुण देण्याजोगे अजून काही घडलेले नाही. अग्रशाळेचा विषय मी येत्या ग्रामसभेसाठी लेखी दिला आहे.