हाकामा वापरून पाहिला: टेट्रॉन, निळीचं सुती कापड आणि ऑफिसची पँट

जपानी हाकामा, म्हणजे कमरेला बंदांनी बांधायचा निऱ्यांचा घेरदार कपडा, विकत घ्यावा का, घेतला तर कोणत्या कापडाचा, आणि सरावाच्या जागेबाहेर तो घालता येतो का, असं बऱ्याच जणी विचारतात. थंडीत घेतलेले दोन हाकामा आता उन्हाळा आणि पावसाळा पार करून आले आहेत, त्यामुळे सविस्तर लिहिते.

मी जपानमधल्या सायतामा प्रांतात राहते आणि इथल्या सार्वजनिक व्यायामशाळेत इआइदो शिकते. म्यानातून तलवार काढून वार करायचा, ती झटकायची आणि परत म्यानात घालायची, अशा ठरावीक हालचालींचा हा सराव. आइकिदो या दुसऱ्या जपानी युद्धकलेच्या कित्येक वर्गांमध्ये काळा पट्टा मिळेपर्यंत हाकामा घालू देत नाहीत. इआइदोत मात्र तो अगदी सुरुवातीपासून लागतो, कारण तलवार ज्या कमरपट्ट्यात खोचायची तो पट्टा आणि हाकामाचे बंद मिळून तिला जागेवर धरतात.

आधी रचना सांगते. पुढे पाच खोल निऱ्या, मागे दोन. पुढच्या भागाला दोन लांब बंद, मागच्या भागाला दोन आखूड. मागे कमरेवर टेकणारी एक ताठ पट्टी असते, तिला कोशिइता म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला चमच्याच्या दांड्याएवढी एक चपटी पट्टी असते, ती कमरपट्ट्यात खोचली की मागचा भाग घसरत नाही. दोन्ही बाजूंना कमरेखाली लांब उघडी फट असते. सरावाचा हाकामा बहुतेक वेळा ‘उमानोरी’ प्रकारचा, म्हणजे घोड्यावर बसता यावं म्हणून दोन पायांत विभागलेला असतो. ‘आंदोन’ प्रकार आतून अखंड, घागऱ्यासारखा सरळ. नऊवारीचा काष्टा ज्यांनी घातला आहे त्यांना उमानोरीतली मोकळीक लगेच ओळखीची वाटेल: मांडी पूर्ण उघडता येते, पण उभं राहिलं की कापड पुन्हा एकत्र मिटतं.

हे मिटणं-उघडणं हेच निऱ्यांचं काम. पाच निऱ्या म्हणजे करुणा, न्याय, शिष्टाचार, शहाणपण आणि विश्वास हे पाच सद्गुण, असं अनेक दोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागांमध्ये, शिकवतात. ऐकायला ते छान वाटतं, पण सराव करताना मला त्या निऱ्यांचं कामच जास्त भावलं. पाऊल मोठं पडतं तेव्हा त्या लागेल तेवढंच कापड सोडतात, आणि पाऊल जवळ आलं की ते परत घेतात. गुडघ्यांवर बसताना उजव्या हाताने आधी डावा घेर, मग उजवा घेर मागे सारायचा असतो. हा हात नीट फिरला तर कापड गुडघ्याखाली अडकत नाही आणि उठताना पाय मोकळा राहतो. निऱ्या बसलेल्या असतील तर घेर एका झटक्यात मागे जातो. विस्कटलेल्या असतील तर त्याचा बोळा होतो आणि पुढची सगळी हालचाल बिघडते.

हाकामात पाय लपतात, म्हणून प्रतिस्पर्ध्याला पावलं कळत नाहीत, असंही म्हणतात. शिकवणाऱ्याला मात्र सगळं कळतं. माझ्या गुरूंना कंबर किती झुकली आहे ते खालच्या किनारीवरूनच दिसतं. पुढची किनार पावलाच्या वरच्या भागाला टेकलेली आणि मागची जराशी वर, अशी ठेवण हवी. मागची किनार जमिनीकडे आली की समजायचं, पाठ मागे कलली आहे. आणि कोशिइतामुळे पाठ वाकवून उभं राहणं इतकं अवघडतं की माझ्यासारख्या दिवसभर संगणकासमोर बसणारीला ही पट्टी एकटीच पैसे वसूल करून देते.

आता कापड. टेट्रॉन म्हणजे पॉलिएस्टर आणि रेयॉनचं मिश्रण, साधारण पासष्ट-पस्तीसच्या प्रमाणात. माझा गडद निळा टेट्रॉन हाकामा ऑनलाइन दुकानातून मागवलेला, स्वस्तातला. त्याच्या निऱ्या पहिले काही धुणे कडक राहिल्या, नंतर मांडीच्या वर सुटायला लागल्या. बंद मऊ पडून वळकटायला लागले. खरेदीच्या पानावर एक गोष्ट शोधायला हवी ती म्हणजे निरीच्या आतल्या कडेला टीप मारली आहे का. बाहेरून ही टीप दिसत नाही, पण तिच्यामुळे निरी कुठे मोडायची ते कापडाला कायमचं ठाऊक राहतं. टीप असलेल्या हाकामाची किंमत थोडी जास्त असते आणि ती द्यावी. हे सोडलं तर इआइदोसाठी टेट्रॉनच बरा. लाकडी जमिनीवर गुडघा सरकवताना तो अडत नाही, घामाने जड होत नाही, जाळीच्या पिशवीत घालून थंड पाण्यात यंत्रात धुता येतो आणि पावसाळी हवेतसुद्धा रात्रीत वाळतो. गुडघ्यांवर चमक येते, ती टळत नाही.

सुती हाकामाची गोष्ट वेगळी आहे, आणि माझा जीव त्याच्यातच आहे. केंदो, म्हणजे बांबूच्या तलवारीची जपानी तलवारबाजी, खेळणारे जाड, निळीत रंगवलेलं सुती कापड वापरतात. हे कापड आणि ही रंगाई माझ्या सायतामाचीच ओळख. हान्यू, काझो या भागातली बुशू निळी केंदोच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. जवळच्या फुकाया इथल्या शिबुसावा एइइची यांच्या घरचा व्यवसायही निळीच्या गोळ्यांचा होता. २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर दिसतात ते हेच उद्योगपती. कापडाची जाडी क्रमांकाने सांगतात, आणि दहा हजार किंवा त्यावरच्या क्रमांकाचं कापड हातात घेतलं की वजन लगेच जाणवतं. पडतं फार सुंदर: वळताना घेर एक क्षण मागे राहून मग येतो.

पण निळीला वेळ द्यावा लागतो. पहिल्यांदा व्हिनेगर घातलेल्या थंड पाण्यात भिजवायचा, साबण लावायचा नाही, दुसऱ्या कपड्यांत मिसळायचा नाही, सावलीत वाळत घालायचा. एवढं करूनही सुरुवातीला पोटऱ्या, कमरपट्टा, टाचा सगळं निळसर होतं. पांढरा कमरपट्टा त्याच्याबरोबर वापरू नका. धुण्याआधी निऱ्यांना कच्चा दोरा घालून घ्यावा, नाहीतर सुती निरी पाण्यात पूर्ण विरून जाते आणि वाळल्यावर इस्त्रीने बसवताना जीव मेटाकुटीला येतो. दोरा घातला, ओला असतानाच हाताने ताणून निऱ्या दाबल्या, की काम सोपं. जूनच्या दमट हवेत वाळायला दोन दिवसही लागतात, आणि एसी नसलेल्या व्यायामशाळेत जुलैत हे कापड अंगावर नको होतं. हिवाळ्यात मात्र त्याच्यासारखं काही नाही, फक्त खालून वारा शिरतो म्हणून आत लोकरीचे लेगिंग्ज घालावे लागतात.

घडीबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण खरेदीपूर्वी कोणी ते सांगत नाही. सराव संपल्यावर हाकामा जमिनीवर पालथा पसरून मागच्या निऱ्या जुळवायच्या, मग उलटवून पुढच्या पाच एकेक करून बसवायच्या, बाजू आत घ्यायच्या, तीन घड्या घालायच्या आणि शेवटी लांब बंद दुमडून, फुली करून त्यांवरून आखूड बंद ओवायचे. थकलेल्या अंगाने हे रोज करायचं. आइकिदोच्या बऱ्याच वर्गांत शिष्य आपल्या ज्येष्ठांचा हाकामा घडी करून देतात. आमच्याकडे प्रत्येकजण आपापला करतो आणि मला तेच हवं आहे. निरी कुठे उसवते आहे, बंद कुठे झिजला आहे हे घडी घालतानाच हाताला लागतं. कपड्याकडे इतकं बारकाईने मी आधी कधी पाहत नव्हते.

दोजोबाहेरचं आयुष्य. जपानमध्ये आज हाकामा सगळ्यांत जास्त मार्च महिन्यात दिसतो, पदवीदान समारंभात. मुली किमोनोवर आंदोन हाकामा घालतात, छातीखाली उंच बांधतात आणि खाली बऱ्याचदा नाडीचे बूट घालतात. हे रूप मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) विद्यार्थिनींचं. किमोनोत पाय बांधलेले राहतात, बाकावर बसणं आणि कवायत दोन्ही अवघड. म्हणून मुलींनी आधी पुरुषी हाकामा घालून पाहिला, त्यावर टीका झाली. पुढे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या सरदारघराण्यांतल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका शिमोदा उताको यांनी अखंड घेराचा हाकामा रुळवला. तांबूस-तपकिरी रंगाचा तो हाकामा शिकणाऱ्या मुलीची खूणच झाला. गायिका मिउरा तामाकी हाकामा घालून सायकलवरून टोकियोतल्या उएनोच्या संगीतशाळेत जात आणि लोक बघायला थांबत. १९२०च्या दशकात शाळांनी सेलर गणवेश घेतला आणि हाकामा समारंभापुरता उरला. ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या संगीतनाट्यमंडळीच्या संगीतशाळेतल्या मुली दीक्षान्ताला काळ्या किमोनोवर हिरवा हाकामा आजही घालतात. शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, किताबी सामन्यांत खेळाडू हाकामात बसतात. लेखक कावाबाता यासुनारी १९६८ मध्ये स्टॉकहोमला नोबेल स्वीकारायला गेले तेही हाकामा घालूनच.

मुलींना शिकता यावं, चालता यावं, सायकल चालवता यावी म्हणून जो कपडा घराबाहेर आला, तो आता फक्त फोटोसाठी एका दिवसाच्या भाड्याने मिळावा, याचं मला वाईट वाटतं. म्हणून मी तो बाहेर घालून पाहिला. टेट्रॉनचा हाकामा, वर साधा सुती शर्ट, आत बारीक पँट. रविवारी बाजारात, वाचनालयात, आगगाडीत. चालायला उत्तम, जमिनीवर बसायला त्याहून उत्तम. जिना चढताना पुढचा घेर उचलावा लागतो, सरकत्या जिन्यावर किनार सांभाळावी लागते, आणि खिसा नसल्यामुळे फोनसाठी छोटी पिशवी हवीच. स्वच्छतागृहात उमानोरी त्रास देतो, आंदोन नाही. रोजच्या वापराला मी आंदोनच सुचवेन.

ऑफिससाठी दुकानांत ‘हाकामा पँट’ नावाने मिळते तीही घेतली. कमरेला इलॅस्टिक, खिसे आहेत, सोयीची आहे. पण निऱ्या मांडीपर्यंत शिवून बंद केल्यामुळे त्या उघडतच नाहीत. पाऊल टाकलं की कापड ओढलं जातं. रुंद पँट म्हणून ठीक, हाकामा म्हणून नाही. त्यापेक्षा मला फॅशन डिझायनर इस्से मियाके यांनी घेतलेली दिशा प्रामाणिक वाटते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लीट्स प्लीज’मध्ये कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवतात आणि मग कागदांच्या मध्ये ठेवून उष्णतेने निऱ्या पाडतात. पॉलिएस्टरमध्ये त्या कायम राहतात, कपडा गुंडाळून पेटीत टाकता येतो, इस्त्री नाही. तिथली निरी हाकामाची नक्कल करत नाही, पण उघडते आणि मिटते. प्रवासासाठी मी तीच घेईन.

कोणी काय घ्यावं? इआइदो किंवा आइकिदो सुरू करणाऱ्यांनी आतून टीप मारलेला टेट्रॉन. केंदोवाल्यांनी जमेल तेव्हा निळीचा सुती. नुसता नेसायची हौस असेल तर जपानमधल्या जुन्या किमोनोंच्या दुकानात आंदोन फार स्वस्तात मिळतात, फक्त बंदांची शिवण तपासून घ्यावी. भारतातून मागवणाऱ्यांनी मापाकडे लक्ष द्यावं. क्रमांक लांबीचा असतो: २३ म्हणजे सुमारे ८७ सेंटीमीटर, २४ म्हणजे ९१, २५ म्हणजे ९५. कमरपट्टा बांधून, तो जिथे बसतो तिथून घोट्यापर्यंत टेप लावून लांबी घ्या आणि त्यावरून क्रमांक ठरवा. कमरेच्या घेराची काळजी करू नका, बंद सगळ्यांना पुरतात.