स्क्रूवरचे लाल ठिपके: ‘ॲनालॉग’ फिल्टरचे २६ हजार

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात इनवर्ड इन्स्पेक्शनला आहे. बाहेरून आलेला माल माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय स्टोअरमध्ये जात नाही. शाफ्टला वीस मायक्रॉनचा फरक निघाला की अख्खा लॉट परत, सप्लायर कितीही गयावया करो. एकवीस वर्षं हेच काम करतोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला हसू येणार आहे आणि मला त्याबद्दल काही बोलता येणार नाही.

संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी मी की-बोर्ड वाजवतो. लग्नातलं संगीत, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम, नवरात्रात दांडिया. आमच्या ऑर्केस्ट्रात सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाणी जास्त चालतात, आणि त्या गाण्यांत एक आवाज असतो जो माझ्या की-बोर्डमधून कधी नीट निघाला नाही. वादक केरसी लॉर्ड यांनी हिंदी सिनेमात मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर घडवणारं वाद्य, आणलं, त्या घराण्यातला. एकाच श्वासात ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत तोंड उघडत न्यावं, तसा स्वर उघडत जातो. की-बोर्डमध्ये त्याची तयार बटणं आहेत, पण ती दाबली की स्वर उघडल्यासारखा वाटत नाही, उघडल्याचा फोटो दाखवल्यासारखा वाटतो.

हे काम फिल्टर करतो. स्वरातला वरचा, तीक्ष्ण भाग तो कापतो. कुठून कापायचा ते कटऑफचा नॉब ठरवतो. जिथे कापतो त्या कडेला किती धार द्यायची, ते रेझोनन्स. आणि एन्व्हलप म्हणजे बोट जितकं जोरात पडेल तितकं फिल्टरचं तोंड जास्त उघडणार. बास गिटारवर हे लावलं की तार ‘वाव’ म्हणते. त्या सिंथेसायझरचे जनक रॉबर्ट मूग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून हा फिल्टर बनवला, म्हणून तो लॅडर फिल्टर. आणि ॲनालॉग, म्हणजे आवाजाचे आकडे न करता थेट विजेच्या सिग्नलवर काम करणारा; आकडे करून काम करतो तो डिजिटल. पेटंट १९६९ चं. पुढे १९९८ पासून त्यांच्या कंपनीने तोच फिल्टर वेगळ्या पेटीत दिला, मूगरफूगर नावाने, म्हणजे कुठल्याही वाद्याचा आवाज त्यातून नेता यावा. २०१८ मध्ये त्या पेट्या बनणं थांबलं आणि जुन्या पेट्यांचे भाव चढत गेले. माझ्यासारख्याने फक्त व्हिडिओ बघायचे.

असेच व्हिडिओ बघत असताना जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. ‘हाताने बनवलेला ॲनालॉग लॅडर फिल्टर. निवडून जुळवलेले ट्रान्झिस्टर. फक्त चार पीस उरले. नाशिक.’ दोन बाजूंना सागवानी पट्ट्या, काळा पत्रा, सहा नॉब, एक खटका. किंमत ३२ हजार. फोन केला. माणूस गोड बोलणारा, शिकलेला. मुंबईतला स्टुडिओ बंद करून आईच्या आजारपणामुळे नाशिकरोडला आलो म्हणाला. मी मूगचं नाव काढल्यावर तर अर्धा तास बोलत बसला. त्याला खरंच बरंच माहीत होतं, हे आजही मान्य करतो. अडाणी माणूस मला फसवू शकला नसता. ५ हजार ॲडव्हान्स पाठवले, कारण ‘पुण्याहून एकजण उद्या येतोय’ म्हणाला. पुण्याहून नेहमी एकजण येतच असतो.

रविवारी सिडकोतून निघालो, द्वारका चौकात अर्धा तास अडकलो आणि जेलरोडच्या त्याच्या खोलीवर पोहोचलो. टेबलावर छोटा की-बोर्ड, साऊंड कार्ड, अर्धवट मिटलेला लॅपटॉप आणि तो डबा. माझ्या कानांना हेडफोन. तो म्हणाला, “दादा, तुम्ही बिनधास्त वाजवा, नॉब मी फिरवतो. नॉबखालचे पॉट नवीन आहेत, हात बसायला वेळ लागतो.”

मी वाजवलं. आणि तो आवाज आला. तोच. लोण्यातून सुरी फिरावी तसा कटऑफ वरून खाली उतरला. डब्यावरचा दिवा माझ्या बोटांबरोबर उघडझाप करत होता. मग त्याने खटका टाकला. “हा टू-पोल, बारा डेसिबलचा उतार. आणि हा फोर-पोल, चोवीसचा, म्हणजे जास्त उभा काप. फरक कळतोय?”

“वा! लगेच कळतो,” मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा.

डबा हातात घेतला तर चांगला जड. खालच्या चार स्क्रूंवर लाल लाखेचे ठिपके होते. मी विचारलं, उघडून बघू का? “बघा ना, पण ट्रान्झिस्टर जुळवून कॅलिब्रेट केलेत. सील तुटलं की वॉरंटी गेली, आणि परत जुळवायला दोन दिवस लागतील.” कारखान्यात एखादा सप्लायर म्हणाला असता की साहेब, खोका उघडू नका, माल बिघडेल, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता. इथे मी मान डोलावली. घासाघीस करून २६ हजारांवर सौदा ठरला, उरलेले २१ हजार जागेवर यूपीआयने दिले. पावती मागितली तर “आपल्यात काय पावती” म्हणाला. मलाही ते ऐकून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर जोडला. आवाज बदलत होता, पण खोलीवरचा तो नव्हता. वायरमध्ये खोट असेल म्हणून वायर बदलल्या. की-बोर्डचा लाइन आउट, म्हणजे बाहेर पडणारा सिग्नल, गिटारपेक्षा बराच तगडा असतो, आणि गिटारसाठी बनवलेल्या पेटीत तो थेट घातला की आवाज फाटतो, हे मला माहीत होतं. म्हणून की-बोर्डचा व्हॉल्यूम एक तृतीयांशावर आणला. मिक्सरच्या इन्सर्टमधून लावून पाहिला. तीन रात्री मी त्या डब्याची बाजू घेऊन स्वतःशी भांडत होतो. बायको म्हणाली, “अहो, पूर्वीचाच आवाज बरा होता.” तिला काय कळतंय, असं मनात आलं. कळत तिलाच होतं.

चौथ्या दिवशी भाचा आला. तो बास वाजवतो आणि मोबाइल रिपेअरिंग करतो. त्याने काही न वाजवता रेझोनन्स पूर्ण वर नेला. चांगला फोर-पोल लॅडर फिल्टर अशा वेळी आपणहून शिट्टी घालतो. हाही घालत होता. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने कटऑफ अगदी सावकाश फिरवायला सुरुवात केली, घड्याळाचा काटा सरकावा तसा. शिट्टी मींडेसारखी घसरत जायला हवी होती. ती पायऱ्या उतरत होती. टक, टक, टक. “मामा, हा जिना आहे,” तो म्हणाला.

मग त्याने की-बोर्डवरचा ऱ्हिदम चालू केला, फिल्टर पूर्ण उघडा ठेवला आणि डबा एकदा मधे घालून, एकदा काढून ऐकवला. “हाय-हॅटची, त्या ड्रमच्या झांजेची, चकाकी गेली बघा.” मला काही फरक कळेना. माझ्या पन्नाशीच्या कानांना तो वरचा पट्टा ऐकूच येत नाही. त्याला पंचविशीत येतो. म्हणून वस्तू घ्यायला जाताना घरातलं तरुण पोर सोबत न्या, हा सल्ला फक्त ओझी उचलण्यापुरता नाही.

तेवढ्यावरही मी स्क्रू उघडायला नाही म्हणत होतो. वॉरंटी! त्याने विक्रेत्याचा नंबर मागितला. फोन बंद. व्हॉट्सॲपवरचा फोटो गायब. मग भाच्यानेच लाख खरवडली.

आत शिडी नव्हती, एकही जोडी नव्हती. माचिसच्या काडेपेटीपेक्षा थोडा मोठा बोर्ड, त्यावर अठ्ठावीस पायांची एक चिप आणि शेजारी मनगटी घड्याळात असतो तसला क्रिस्टल. भाच्याने ओळखली: एफव्ही-१. घरगुती रिव्हर्ब पेडल, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या पेट्या, बनवणारे वापरतात ती, पूर्ण डिजिटल. तो क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ ठोके देतो आणि चिप आवाजाचे तेवढेच नमुने घेते. म्हणून साधारण १६ हजार हर्ट्झच्या वर काही उरत नाही. हाय-हॅट तिथे मेली होती. नॉबसाठी चिपला तीनच जागा असतात, आणि नॉबची जागा ती मोजक्याच आकड्यांत मोजते. पायऱ्या तिथून आल्या. सहा नॉबपैकी तीन चिपला, उरलेले तीन आवाज कमी-जास्त करायला. हेही ठीक. डिजिटल फिल्टर वाईटच असतो असं नाही. चांगले असतात, आणि आमचे कार्यक्रम डिजिटल की-बोर्डवरच चालतात. ही चिप ‘ही चिप आहे’ म्हणून चार-पाच हजारांत दिली असती तर मी तक्रार केली नसती.

पण दोन गोष्टी बघून मी बराच वेळ गप्प बसलो. एक, तळाला गरम गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. सहा मिलिमीटरची एमएस प्लेट, कडा ग्राइंडरने मारलेल्या. तो जडपणा तिचा होता. आयुष्यभर लोखंड मोजणाऱ्या माणसाला लोखंड ट्रान्झिस्टरच्या भावाने विकलं होतं. आणि दुसरी, तो खटका. टू-पोल, फोर-पोल. त्याच्या मागच्या पायांना एकही वायर नव्हती. सोल्डरचा थेंबसुद्धा नव्हता. पत्र्याला भोक पाडून नुसता बसवलेला.

वा, लगेच कळतो.

खोलीवरचा आवाज कुठून आला, याबद्दल आमचा अंदाज असा. साऊंड कार्डमधून त्याच्या टेबलावरचा की-बोर्ड लॅपटॉपमध्ये जात होता आणि फिल्टर लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा होता. अशी सॉफ्टवेअर आता फार उत्तम झाली आहेत. मूगनेच २०२२ मध्ये आपल्या बंद झालेल्या पेट्या सॉफ्टवेअर म्हणून काढल्या. डब्याला नुसता सिग्नल दिला की दिवा लुकलुकतो. उजव्या हाताने विक्रेता डब्यावरचा नॉब फिरवायचा. डावा हात लॅपटॉपमागे होता, तिथे काय होतं ते मी पाहिलं नाही. अर्धवट मिटलेल्या लॅपटॉपबद्दल विचारायचं सुचलंच नाही. सागवानी पट्टीवरून बोट फिरवत बसलो होतो.

म्हणून असला डबा घ्यायला जाल तर आपलं वाद्य, आपली वायर आणि आपला छोटा अँप घेऊन जा. वाद्य, डबा, अँप, बस. मधे लॅपटॉप नको, साऊंड कार्ड नको, हेडफोनही नको. नॉब स्वतः फिरवा, आणि फार सावकाश. खटका टाकायचा असेल तर डोळे मिटा आणि सोबतच्या माणसाला टाकू द्या. तुम्ही फक्त ‘आत्ता बदललं’ एवढं सांगायचं. आणि तळाचं झाकण उघडून दाखवा म्हणा. ट्रान्झिस्टर हवा लागल्याने बिघडत नाहीत. शिट्टी आली म्हणजे ॲनालॉग, असंही समजू नका, माझा डबाही शिट्टी घालत होता.

जेलरोडला परत गेलो. घरमालक म्हणाले, महिनाभराच्या भाड्याने होता, गेला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदवली, तोवर पैसे देऊन नऊ दिवस झाले होते. हा फोन पहिल्या काही तासांत गेला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. मी ते दिवस वायर बदलण्यात घालवले. पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तो ॲनालॉग म्हणाला याचा काही पुरावा? सगळं बोलणं फोनवर झालेलं. व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसले जायची सोय त्याने पहिल्याच दिवशी चालू केली होती. मला वाटलं होतं, शिस्तीचा माणूस आहे. जाहिरातही काढून टाकलेली. माझ्याकडे यूपीआयच्या दोन नोंदी होत्या आणि ज्याच्या नावावर पैसे गेले ते नाव भलतंच निघालं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी घ्यायचा असतो. जाता जाता एक: फसवणुकीचं चारशेवीस आता राहिलेलं नाही, नव्या कायद्यात ते कलम ३१८ झालंय. ऑर्केस्ट्रातले लोक मला सध्या त्याच आकड्याने हाक मारतात.

पैसे परत आले नाहीत. भाच्याने बोर्डवर एक वायर सोल्डर करून चिपला तिच्या आतले मूळचे प्रोग्रॅम चालवायला लावलं, त्यात रिव्हर्ब आहे. नवरात्रात आमच्या गायिकेच्या माइकला तो डबा लावला होता. चांगला वाजला. लोखंडी पट्टी मी काढू दिली नाही. स्टँडवर डबा हलत नाही तिच्यामुळे.

हे सगळं लिहायचं माझ्या मनात नव्हतं, लाज वाटत होती. पण परवा सिन्नरहून एका मुलाने ग्रुपवरून नंबर घेऊन मला फोटो पाठवला. काका, हा फिल्टर घेऊ का, तुम्ही जुने वादक आहात म्हणून विचारतो, उद्या संगमनेरला बोलावलंय. काळा पत्रा, सागवानी पट्ट्या, सहा नॉब, एक खटका. फक्त चार पीस उरले.

मी लिहिलं, खालच्या स्क्रूंवर काही आहे का, विचार.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. “हो काका, लाल ठिपके आहेत. ते काढायचे नाहीत म्हणाले.”