बोट धक्क्यावर, मालक घरात: मरीनाच्या देखभाल सेवेचा रिव्ह्यू

२०२० च्या मार्चनंतर कोविडच्या साथीमुळे अनेक देशांत मरीनाची (खासगी बोटी बांधून ठेवायच्या बंदरांची) फाटकं बोटमालकांसाठी बंद झाली. यार्डाचे, म्हणजे तिथल्या दुरुस्ती-केंद्राचे, मोजके कामगार मात्र सुरक्षेच्या कामापुरते आत जाऊ शकत होते. त्यातून बऱ्याच ठिकाणी एक सेवा सुरू झाली: तुम्ही येऊ नका, बोटीकडे आम्ही बघतो. अशाच एका सेवेबद्दल हे लिहितो आहोत. बोट नऊ मीटरची, फायबरग्लासची, शिडाची. आत २० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. खाऱ्या पाण्यात तरंगत्या धक्क्याला बांधलेली. करारात दर पंधरवड्याला एक तपासणी आणि महिन्यातून एकदा इंजिन चालवणं.

निकाल आधीच सांगून टाकतो. दोर, बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साचणारी जागा) आणि बॅटरी यांच्यासाठी ही सेवा घ्यावीच. इंजिनाच्या बाबतीत मात्र छापील करारावर तशीच सही केलीत, तर पैसे देऊन इंजिन खराब करून घ्याल.

सगळ्यात आधी अहवालाचा विषय, कारण घरी बसलेल्या मालकाच्या हातात फक्त तोच येतो. सेवेचा मूळ फॉर्म टिकमार्कचा होता: दोर ठीक, बिल्ज ठीक, बॅटरी ठीक. यातून काहीही कळत नाही. आम्ही आकडे मागितले आणि यार्डाने कटकट न करता फॉर्म बदलून दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. नव्या फॉर्मवर बिल्जमधल्या पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये, बॅटरीचा व्होल्टेज दोन दशांश स्थळांपर्यंत, केबिनमधली आर्द्रता आणि दर वेळी त्याच जागेवरून काढलेले फोटो. बिल्जमध्ये आधी २ सेंटिमीटर, मग ४, मग ७ असं पाणी दिसलं की गळती वाढते आहे हे लगेच लक्षात येतं. ‘ठीक’ या शब्दात ते तिन्ही वेळा लपलं असतं.

बिल्जची तपासणी हा या सेवेचा सगळ्यात चांगला भाग. पाणी आहे की नाही एवढ्यावर न थांबता ते खारं आहे की गोडं, हे बघितलं जातं. गोडं असेल तर ते पावसाचं: डेकवरच्या फिटिंगखालून, हॅचच्या रबरातून किंवा डोलकाठीच्या बुंध्याशी शिरलेलं, नाहीतर पिण्याच्या टाकीतून गळलेलं. खारं असेल तर स्टर्न ग्लँड (प्रोपेलरचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील), सीकॉकचा (बोटीच्या तळातल्या भोकावरच्या वाल्वचा) होज किंवा स्पीड मोजणाऱ्या सेन्सरची बैठक तपासायची. स्टर्न ग्लँडमधून सेकंदाला एक थेंब ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाला ते चार लिटरच्या वर जातं. बोट रोज वापरात असताना ते कोणाच्या लक्षातही येत नाही. कुणी फिरकलंच नाही तर आठवड्यात तीस लिटर होतं आणि पंप ते बाहेर टाकतानाच बॅटरी संपवत राहतो. इंजिन बंद असताना जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून एकही थेंब पडता कामा नये. पडत असेल तर नट थोडासाच आवळायचा, कारण जास्त आवळला की पॅकिंग कोरडं पडतं आणि इंजिन सुरू केल्यावर शाफ्ट तापून झिजतो.

पंपाच्या चाचणीबाबत अडून बसा. पॅनलवरचं बटण दाबून पंप घरघरला तर एवढंच कळतं की मोटर चालू आहे. मालक नसताना पंप सुरू करणार असतो तो फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून वर येणारा स्विच. त्यामुळे बिल्जमध्ये बादलीभर पाणी ओतायचं, फ्लोट आपोआप उचलला जातो का, पंप पाणी बोटीबाहेर टाकतो का आणि पाणी उतरल्यावर बंद होतो का, हे सगळं बघायचं. आमच्या बोटीत याच चाचणीत फ्लोटच्या बिजागरीत अडकलेला केबल टायचा तुकडा सापडला. बटण दाबून तो कधीच सापडला नसता. फ्लोटची वायर मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीपासून, फ्यूज घालून आणलेली हवी. नाहीतर जाताना मुख्य स्विच बंद केला की पंपही बंद. शिवाय पंपावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. ताशी ५०० गॅलनचा, म्हणजे १९०० लिटरचा पंप पाणी एक मीटर वर चढवताना, तेही खाचांच्या होजमधून, त्याच्या निम्मंही टाकेलच असं नाही.

कॉकपिटच्या निचऱ्याची भोकं हे लोक दर फेरीला साफ करतात. काम क्षुल्लक वाटतं, पण चार चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४०० लिटर पाणी साठतं, आणि भोकाच्या तोंडाशी ओल्या पानांचा चोथा बसला असेल तर ते पाणी केबिनकडे वळतं. सीकॉक बंद करतानाही हेच ध्यानात ठेवायचं. इंजिन, टॉयलेट, बेसिन यांचे सीकॉक बंद. कॉकपिटच्या निचऱ्याचे मात्र उघडेच. ‘सगळे सीकॉक बंद करा’ अशी सरसकट सूचना फोनवरून देणं धोक्याचं आहे. कोणता कुठला, हे बोटीच्या आराखड्यावर खुणा करून यार्डाला द्या. प्रत्येक सीकॉक फेरीला एकदा उघडून बंद केला तर तो जाम होत नाही. पितळी फिटिंग गुलाबीसर दिसू लागली असेल तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे असं समजा. तिला जोर लावू नका, बोट पाण्याबाहेर काढल्यावर बदला.

बॅटरीच्या मापनात सुरुवातीला एक चूक होत होती आणि ती इतकी सहज होते की इथे सविस्तर लिहितो. तपासणी भर दुपारी, सोलर पॅनल जोडलेलं असतानाच व्हायची. मीटरवर १३.४ व्होल्ट. हा आकडा चार्जरचा आहे, बॅटरीचा नाही. अर्धमेली बॅटरीसुद्धा तेवढाच दाखवेल. पॅनल आणि चार्जर काढून, सगळा भार बंद ठेवून, काही तास गेल्यावरच मोजायचं. तेव्हा लेड-ॲसिड बॅटरी १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली म्हणजे धोका. तशीच आठवडेच्या आठवडे राहिली तर प्लेटवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि मग कितीही चार्ज केलं तरी क्षमता परत येत नाही. यार्डाने यासाठी एकाच माणसाच्या दोन फेऱ्या ठेवल्या: सकाळी डिस्कनेक्ट, संध्याकाळी मापन. उपाय साधा आहे आणि चालतो.

बॅटरी नुसती पडून राहूनही महिन्याला काही टक्के उतरते, उन्हाळ्यात जास्तच. खरा चोर मात्र वेगळा असतो: रेडिओची मेमरी, गॅस अलार्म, ट्रॅकर. हे सगळं मिळून ५० मिलीअँपियर ओढत असेल तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपियर-अवर जातात. २० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात एक अँपियरच्या आसपास देतं, म्हणजे चार तास ऊन मिळालं तरी हिशोब जुळतो. रेग्युलेटर हवाच. किनाऱ्याची वीज महिनोन् महिने जोडून ठेवण्यापेक्षा हा मार्ग आम्हाला बरा वाटतो, कारण विजेच्या अर्थिंगमधून शेजारच्या बोटींशी गॅल्व्हानिक प्रवाह (वेगवेगळ्या धातूंमधला, धातू झिजवणारा विजेचा प्रवाह) सुरू होतो आणि आपले ॲनोड (इतर धातू वाचवायला स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) त्यांच्या धातूंसाठी झिजतात. वीज जोडून ठेवणं भागच असेल तर हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हानिक आयसोलेटर बसवा.

आता इंजिन. छापील करारात लिहिलं होतं: महिन्यातून एकदा दहा मिनिटं, न्यूट्रलमध्ये. डिझेल इंजिनासाठी याहून वाईट व्यायाम नाही. दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. ज्वलनातून झालेली वाफ ऑइलमध्ये पाणी बनून उतरते, न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंती धुऊन काढतं, एक्झॉस्टमध्ये काजळी साठते आणि स्टार्टिंगला गेलेली वीज बॅटरीत परत येत नाही. आम्ही कलम बदलून घेतलं, ते असं. दोर दुहेरी करा. ऑइल, कूलंट आणि पट्टा बघा. कच्च्या पाण्याचा, म्हणजे इंजिन थंड करायला बाहेरून घेतलेल्या पाण्याचा, सीकॉक उघडा, स्ट्रेनर (त्या पाण्याची गाळणी) साफ आहे ना ते पाहा. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी आलं नाही तर ताबडतोब बंद करा. कोरडा चाललेला इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) फार लवकर फाटतो. पाणी येत असेल तर पुढच्या गिअरमध्ये १२०० ते १५०० आरपीएमवर अर्धा तास, कूलंट ७५–८० अंशांवर जाऊन तिथे टिकेपर्यंत. बंद केल्यावर सीकॉक बंद आणि ‘सीकॉक बंद आहे’ अशी चिठ्ठी किल्लीलाच बांधलेली.

यात एक ओळ ठळक लिहून घ्या. इंजिन तीन-चार प्रयत्नांत सुरू झालं नाही तर पुढे स्टार्टर मारण्याआधी सीकॉक बंद करायचा. स्टार्टर फिरताना पाण्याचा पंपही फिरत असतो, पण ते पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा वायू नसतो. वॉटरलॉक (एक्झॉस्टच्या वाटेतला पाणी साठणारा डबा) भरतो आणि पाणी उलटं चढून सिलिंडरमध्ये उतरतं. बऱ्याच दिवसांनी अनोळखी हातांनी सुरू केलेल्या इंजिनांचा घात असाच होतो, आणि तो पूर्ण टाळता येण्यासारखा आहे.

मरीना गिअरमध्ये चालवू देत नसेल, तर इंजिन अजिबात चालवू नका असंच आमचं मत आहे. त्याऐवजी एकदाच नीट झोपवा: वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलून, कच्च्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुऊन, थंडी असेल तिथे अँटीफ्रीझ खेळवून, इम्पेलर बाहेर काढून. इम्पेलर आत तसाच दाबलेला राहिला की त्याची पाती वाकडी होऊन बसतात. परत बसवताना ग्लिसरीन लावा, पेट्रोलियम ग्रीस नको, रबर फुगतं. एखादं पातं तुटलेलं दिसलं तर तो तुकडा हीट एक्स्चेंजरच्या (कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी शोधल्याशिवाय काम संपत नाही.

इंधनाकडे या सेवेचं लक्षच नाही, ते वेगळं मागावं लागतं. डिझेलची टाकी ९५ टक्क्यांपर्यंत भरलेली ठेवली की आत दव कमी साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच जंतूंची काळी साय वाढते. सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) तळाचं शंभर मिलिलिटर काचेच्या बरणीत काढून फोटो मागवा, एका नजरेत कळतं. पेट्रोलवाल्यांना घाई जास्त आहे: इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं आणि तीनेक महिन्यांत जुनं व्हायला लागतं. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच घालायचा आणि नंतर दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो.

तळाच्या कामासाठी पाणबुड्या वेगळ्या शुल्कावर मिळतो. बोट हलत नसली की सेल्फ-पॉलिशिंग रंग (बोट चालताना हळूहळू झिजून तळ स्वच्छ ठेवणारा) झिजत नाही, वर चिकचिकीत थर बसतो आणि त्यावर बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचधारी जीव). मऊ कापडाने पुसणं ठीक. खरडून घेतलं तर रंगच जातो, आणि काही बंदरांत पाण्यात तळ घासायला मनाई असते. प्रोपेलर आणि ॲनोड यांच्यासाठी मात्र पाणबुड्या बोलवा. ॲनोड निम्मा झिजला की बदला.

केबिनमधल्या ओलाव्यासाठी हे लोक कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवतात. काम करतात, पण साचलेलं द्रावण धातू खातं, म्हणून डबे बेसिनमध्येच ठेवायला सांगा. गाद्या उभ्या, लॉकरची झाकणं आणि फ्रिजचं दार उघडं, एवढं केलं तरी बुरशी बरीच रोखली जाते.

एका गोष्टीवर आमचा ठाम आक्षेप आहे: कोविडसाठीचं निर्जंतुकीकरण. प्रत्येक फेरीनंतर हात लागलेल्या सगळ्या जागांवर अल्कोहोलचा फवारा, असा त्यांचा नियम होता. ॲक्रिलिकच्या हॅचवर अल्कोहोल पडलं की काचेत बारीक तडे उमटतात आणि ते कधीच जात नाहीत. ब्लीच स्टेनलेस स्टीलवर खड्डे पाडतं आणि शिवणीचा धागा कमजोर करतं. साबण आणि पाणी पुरतं, नंतर गोड्या पाण्याने पुसायचं. आपोआप फुगणाऱ्या लाइफजॅकेटवर तर काहीच फवारू नका. ओलाव्याने आतली गोळी विरघळली की ते लॉकरमध्येच फुगतं. विषाणूच्या भीतीने तेव्हा आम्ही ती तीन दिवस हवेशीर जागी टांगून ठेवायला सांगितली. हे सांगितल्यावर नियम बदलला, पण सांगावं लागलं.

दोरांबद्दल तक्रार नाही. फेअरलीडपाशी (दोर बोटीवरून बाहेर जातो त्या खोबणीपाशी) जुन्या होजचं आवरण घातलं, प्रत्येक फेरीला दोर थोडा सरकवून घासण्याची जागा बदलली, मऊ पडलेले फेंडर (बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून लावलेले फुगे) हवा भरून सरळ केले. वादळाचा इशारा आल्यावर न विचारता जादा स्प्रिंग लाइन (बोट पुढे-मागे सरकू न देणारे तिरके दोर) टाकल्या आणि फोटो पाठवले. तारखेचे हे फोटो जपून ठेवा. बोट किती दिवसांनी बघितली जात होती, हे विमा कंपनीने विचारलं तर तोच पुरावा. फ्लेअरच्या (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या मशालींच्या) तारखा, लाइफराफ्टची सर्व्हिसिंग आणि जॅकेटचे सिलिंडर या सेवेत येत नाहीत. ते आणि इम्पेलर, फिल्टर, ॲनोड यांची ऑर्डर, मरीना बंद असेल तर, फाटकं उघडायच्या आधीच नोंदवा, कारण सगळे मालक एकाच आठवड्यात तेच सामान मागतात.

ट्रेलरवर उभ्या असलेल्या छोट्या बोटीला या सेवेची गरज नाही: तळाचा प्लग काढा, पुढचं टोक उंच ठेवा, ताडपत्रीखाली हवा खेळू द्या, बॅटरी घरी आणा. नांगरबोयावर (तळाशी साखळीने जखडलेल्या तरंगत्या बोयावर) उभ्या बोटीसाठी पंधरवडा फार लांब आहे. तिथे आठवड्याची फेरी आणि बोयाच्या साखळीची तपासणी करारात नसेल तर दुसरं यार्ड शोधा.