त्सुकिहिमेचा मांगा: दहा खंड, एक व्हॅम्पायर आणि नीट जमलेलं रूपांतर

व्हिज्युअल नॉव्हेलवरून (चित्रं आणि मजकूर वाचत खेळायच्या गोष्टीवरून) काढलेले बहुतेक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, एकाच ठिकाणी आपटतात. मूळ खेळात वाचणारा जसे पर्याय निवडतो तशी गोष्ट वेगवेगळ्या रूटवर, म्हणजे कथेच्या वेगळ्या वाटेवर, जाते, आणि मांगात तर एकच गोष्ट सलग सांगायची असते. मग एक तर बाकीच्या नायिका चार पानांपुरत्या तोंड दाखवून जातात, नाहीतर सगळ्यांना न्याय द्यायच्या नादात कोणाचीच गोष्ट धड सांगून होत नाही. ससाकी शोनेन यांच्या ‘शिनगेत्सुतान त्सुकिहिमे’चं तसं होत नाही. त्यांनी एक रूट कणा म्हणून घेतलाय आणि बाकीच्या रूटमधून त्या कण्याला बळ देईल तेवढंच उचललंय. ही निवड इतकी विचारपूर्वक आहे की दहा खंड वाचून झाल्यावर मूळ गोष्ट अशीच सलग लिहिली असेल असं वाटतं.

मूळ ‘त्सुकिहिमे’ टाइप-मूनने डिसेंबर २००० मध्ये कोमिकेटला, म्हणजे हौशी प्रकाशनांच्या जपानी मेळ्यात, विकायला आणला. तेव्हा टाइप-मून हा हौशी मंडळींचा गट होता. लेखन किनोको नासू यांचं, चित्रं ताकाशी ताकेउची यांची. खेळ प्रौढांसाठीचा होता आणि त्यात पाच रूट होते: आर्क्वेड आणि सिएल यांचे दोन, आणि नायकाच्या तोनो घराण्याच्या वाड्यातल्या अकिहा, हिसुई, कोहाकु यांचे तीन. मांगा ‘देंगेकी दाइओ’ मासिकात २००३ ते २०१० चालला.

नायक शिकी तोनो हा शाळकरी मुलगा. लहानपणी जिवावरच्या दुखापतीतून तो वाचतो, पण तेव्हापासून त्याला प्रत्येक वस्तूवर, प्रत्येक माणसावर भेगांसारख्या रेषा दिसायला लागतात. त्या रेषेवरून सुरी फिरवली की काहीही तुटतं, आणि तुटलेलं पुन्हा जुळत नाही. एक खास चष्मा घातला की रेषा दिसेनाशा होतात. एके दिवशी रस्त्यात एक सोनेरी केसांची बाई दिसते, आणि शिकी भारल्यासारखा तिच्या मागे जातो, तिच्या घराची बेल वाजवतो आणि तिचे सतरा तुकडे करतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर रस्त्याकडेच्या कठड्यावर तीच बाई त्याची वाट बघत बसलेली असते. ती आर्क्वेड, जन्मजात व्हॅम्पायर. स्वतःला जोडण्यात बरीचशी ताकद खर्ची पडल्यामुळे ती त्याला बजावते की आता माझं रक्षण तूच करायचं.

इथून पुढे प्रेमकथा सुरू होते, आणि या मांगाची खरी ताकद इथेच आहे. आर्क्वेड रक्त पीत नाही. तिच्या जातीला रक्ताची तहान जन्मतःच असते आणि ती दाबून ठेवण्यातच त्यांची बहुतेक शक्ती जाते. माणूस जितका आवडेल तितकी तहान अनावर. त्यामुळे दोघं जवळ येतात ते प्रत्येक पान वाचताना आनंद आणि धास्ती एकदमच वाटते. अनेक व्हॅम्पायर-रोमान्समध्ये भीती ही नुसती सजावट असते. दात दिसतात, धोका दिसत नाही. इथे धोका प्रेमामुळेच वाढत जातो. शहरात हिंडताना साध्या-साध्या गोष्टींचं नवल करणारी आर्क्वेड आणि घशाशी आलेली तहान गिळणारी आर्क्वेड, दोन्ही चेहरे ससाकी सारख्याच मायेने काढतात. म्हणून ती नायिका म्हणून पटते.

नेरो केऑसचं प्रकरण भयकथा म्हणून सगळ्यांत कसदार. या व्हॅम्पायरच्या अंगात सहाशे सहासष्ट श्वापदं भरलेली आहेत. एक मारलं तरी ते पुन्हा त्याच्यातच विरघळतं. मूळ खेळात हे सारं शब्दांवर आणि काळ्या पडद्यावर चालायचं. हॉटेलातला नरसंहार तर वाचणाऱ्याने डोक्यातच रंगवायचा. कागदावर ते दाखवायचं म्हणजे अतिरेक व्हायची भीती, पण ससाकी यांनी नेरोचा अंगरखा ठोस काळा ठेवलाय आणि त्या काळ्यातूनच जनावरं बाहेर काढलीयत. जनावराची कड नक्की कुठे संपते ते कळत नाही. शिकी चष्मा काढतो त्या चौकटी मुद्दाम थांबून बघाव्यात. त्या केसाएवढ्या बारीक रेषा माणसांवरून, भिंतींवरून, जमिनीवरून सलग जातात, त्यामुळे माणूस आणि भिंत सारखेच तकलादू वाटायला लागतात. मूळ खेळात हेच सांगायला परिच्छेदच्या परिच्छेद लागायचे.

चित्रांची प्रत मात्र सुरुवातीपासून सारखी नाही. पहिल्या खंडांत चेहरे ताकेउचींच्या शैलीला घाबरून काढल्यासारखे जरा ताठ आहेत, आणि मारामारीत कोण कुठून आलं हे कधीकधी दोनदा बघावं लागतं. पुढे हात मोकळा होत जातो. शेवटच्या खंडांतली आर्क्वेड आणि पहिल्या खंडातली आर्क्वेड शेजारी ठेवली तर एका चित्रकाराची वाढ समोर दिसते. पहिल्या खंडावरून मत बनवू नका. नेरोचं प्रकरण संपेपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

मधल्या खंडांत गाडी जड होते. व्हॅम्पायरांचे प्रकार, चर्चच्या मारेकऱ्यांची संघटना, पुन्हापुन्हा दुसऱ्याच्या देहात जन्म घेणारा रोआ, तोनो घराण्याचं रक्त, ही सगळी माहिती नासू यांच्या लेखनात ओघाने येते. इथे ती संवादांच्या फुग्यांत कोंबावी लागलीय. शिकीच्या शाळेतली वरच्या वर्गातली सिएल आणि त्याची बहीण अकिहा यांना पुरेशी जागा मिळते, पण हिसुई आणि कोहाकु या जुळ्या बहिणींची गोष्ट खेळात जितकी खोल जाते तितकी इथे जात नाही. कण्याला एकाच रूटचा आधार दिल्याची ही किंमत आहे, आणि ती मोजण्याजोगी आहे.

वाचायचा क्रम महत्त्वाचा, कारण हा मांगा नुसता आर्क्वेडचा रूट सांगत नाही, वाड्यातली गुपितंही फोडतो. जुना खेळ खेळायचा असेल (चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २००६ मध्ये आलं) तर आधी तो पूर्ण करा. ‘ए पीस ऑफ ब्लू ग्लास मून’ हा नवा अवतार जपानमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये आणि इंग्रजीत जून २०२४ मध्ये स्विच आणि पीएस४ या गेमिंग यंत्रांवर आला. त्यात आर्क्वेड आणि सिएल हे दोनच रूट आहेत. वाड्याकडचे तीन पुढच्या भागासाठी राखलेत. तो भाग कोरा खेळायचा असेल तर मांगा बाजूला ठेवा. उलट, नव्या खेळात नेरो नाहीच, त्याच्या जागी व्लोव हा दुसरा व्हॅम्पायर आहे. त्यामुळे नेरोचं प्रकरण चित्रांत बघायचं तर मांगालाच पर्याय नाही. २००३ ची बारा भागांची अॅनिमे आहे, पण तिने भयाची धार बोथट केलीय. तिच्यावरून मांगाची पारख करू नये.

विकत घेताना मुख्य अडचण भाषेची. ‘लूनर लेजंड त्सुकिहिमे’ या नावाने आलेली इंग्रजी आवृत्ती सहाव्या खंडावर थांबली आणि पुढचे चार खंड त्या प्रकाशकांकडून आलेच नाहीत. जुन्या बाजारात कुणी इंग्रजी ‘पूर्ण संच’ म्हणून विकत असेल तर खंडांचे आकडे आधी मोजून घ्या. सहा खंडांवर थांबणं म्हणजे गोष्ट ऐन रंगात आली असताना पुस्तक मिटणं, म्हणून नुसत्या सहांसाठी संग्राहकी भाव देऊ नये. पूर्ण गोष्ट हवी असेल तर जपानी दहा खंडच घ्यावेत. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी सूचना: रोजचे संवाद मधल्या पातळीच्या विद्यार्थ्याला झेपतील, पण नासू यांनी घडवलेल्या संज्ञा कांजींचे जोड करून बनवलेल्या आहेत आणि त्या कोशात सापडत नाहीत. पहिल्या खंडापासूनच वहीत त्यांची यादी करत गेलात तर मधले जड खंड बरेच सोपे जातात.

शाळकरी मुलांच्या हाती हा मांगा देऊ नये. अंगाचे तुकडे होतात ते आडपडदा न ठेवता दाखवलेत, आणि वाड्यातल्या एका मुलीवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची सावली उत्तरार्धावर आहे. प्रौढ वाचकांना मात्र, विशेषतः ज्यांना व्हॅम्पायर-रोमान्स पांचट वाटतो त्यांना, हाच मांगा पहिला द्यावा. जपानी येत असेल तर दहाही खंड एकदम मागवा, कारण आठव्यानंतर थांबणं कठीण आहे.