कासाब्लांका परत बघितला आणि परत रडले
काल फोंड्यात धो धो पाऊस, मग आईसोबत कासाब्लांका लावला, माझी चौथी वेळ. १९४२ चा ब्लॅक अँड व्हाईट पिक्चर, पावणेदोन तासांच्या आत संपतो पण मनातून जात नाही. युद्धातून पळालेल्या सगळ्यांना पोर्तुगालची राजधानी लिस्बन गाठायचंय, तिथून अमेरिका, आणि तेव्हा आपल्या गोव्यावर त्याच लिस्बनचं राज्य होतं, हे आठवलं की कसंतरीच होतं. नायिका इन्ग्रिड बर्गमनचे तर डोळेच बोलतात. पण काळजाला हात घालतो तो कॅफेतला सीन, जर्मन अधिकारी गात असतात आणि बाकीचे उठून फ्रेंच राष्ट्रगीत म्हणतात, त्यातले बरेच कलाकार खरोखर युरोपातून पळून आलेले होते, ते रडणं अ‍ॅक्टिंग वाटतच नाही. पॅरिसचा फ्लॅशबॅक थोडा लांबलाय. विमानतळाच्या सीनला आईने पदर डोळ्यांना लावला.