तळं हिरवं झालं, हप्ता गेला

शेवाळापासून तेल, शेवाळापासून वीज आणि वर सांडपाणीही स्वच्छ, अशी तिहेरी योजना घेऊन कुणी तुमच्या वसाहतीकडे, संस्थेकडे किंवा कारखान्याकडे आलं असेल, तर पहिल्या धनादेशावर सही करण्याआधी हे वाचा. आमच्या वसाहतीचे पैसे अशाच योजनेत गेले. प्रकरण वकिलांकडे आहे, त्यामुळे कंपनीचं नाव देत नाही. शिवाय अशा कंपन्या नावं बदलतात, पद्धत बदलत नाहीत. म्हणून पद्धतच सविस्तर सांगतो.

शेवाळाने सांडपाणी शुद्ध होतं, हे पूर्ण खरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकापासून त्यावर काम केलं. उथळ तळं, त्यात पाणी संथपणे फिरवणारं पॅडलव्हील, आणि ऊन. घाण कुजवण्याचं काम जिवाणू करतात, त्यासाठी लागणारा ऑक्सिजन शेवाळ तयार करतं, आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, फॉस्फरस शेवाळ खातं. हवा पुरवणाऱ्या ब्लोअरची वीज वाचते. स्पेनमधल्या चिक्लाना इथे सांडपाण्यावर वाढलेल्या शेवाळापासून बायोगॅस करून त्यावर गाड्याही चालवल्या गेल्या. म्हणजे हे थोतांड नाही. आणि नेमकं म्हणूनच इथे फसवणाऱ्याचं फावतं. सांडपाण्याचा भाग खरा असतो, तो डोळ्यांसमोर करून दाखवता येतो, आणि त्या विश्वासावर तेलाचा भाग विकला जातो. आमच्याकडे आलेला प्रतिनिधी म्हणायचा, "साहेब, पाणी तुमचं, ऊन देवाचं. तेल काढायची जबाबदारी आमची."

करारात पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे होते: आराखडा, बियाणं (म्हणजे तळ्यात सोडायचं मूळ शेवाळ), यंत्रं, आणि सगळ्यात मोठा हप्ता 'संवर्धन यशस्वी झाल्यावर'. यशस्वी म्हणजे काय, याचीही व्याख्या दिली होती: तळ्यातलं पाणी गडद हिरवं होणे. शेवाळ वाढवायचं म्हटल्यावर पाणी हिरवं व्हायलाच हवं, त्यामुळे ही अट वाचणाऱ्या कुणालाही वाजवी वाटेल. पण घरगुती सांडपाणी उथळ खड्ड्यात उन्हात ठेवा, त्यात काहीही टाकू नका, तरी काही दिवसांत ते आपोआप हिरवं होतं. वाऱ्याबरोबर, धुळीतून, पक्ष्यांच्या पायांना चिकटून शेवाळाच्या पेशी येतच असतात, आणि सांडपाण्यात त्यांना आयतं खत मिळतं. सगळ्यात मोठा हप्ता आमच्याकडून अशा गोष्टीसाठी घेतला गेला, जी कंपनीशिवायही झालीच असती. करार लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. ज्याला शेवाळातलं काही कळत नाही, त्याला ही अट सुचणारच नाही.

आता बियाण्याबद्दल. सीलबंद कॅनमधून फिकट हिरवं पाणी आलं. वर लेबल होतं, नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शेवाळाची पेटंट घेतलेली जात, तेलाचं प्रमाण ६० टक्के. वसाहतीतल्या एक निवृत्त प्राध्यापिका वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. एक कॅन न उघडता राहिला होता, तो त्यांनी सगळ्यांसमोर फोडून थेंबभर पाणी मायक्रोस्कोपखाली धरलं. नॅनोक्लोरोप्सिस म्हणजे दोन ते चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुटे गोल ठिपके, आणि या गटातल्या बहुतेक जाती समुद्राच्या पाण्यातल्या. समोर दिसत होत्या एकमेकींना चिकटून ओळीत बसलेल्या चार लांबट पेशी, कडेच्या दोन्ही पेशींच्या टोकांना बारीक काटे. हे सेनेडेस्मस. गोड्या पाण्याच्या कुठल्याही डबक्यात सापडणारं, अगदी साधं शेवाळ. कंपनीचं उत्तर आलं की तुमच्या तळ्यातलं स्थानिक शेवाळ त्यात मिसळलं असेल. पण कॅन तर तळ्याजवळ कधी गेलाच नव्हता.

समजा, आत खरोखर ती जात असती, तरी ती टिकली नसती. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा शेवाळापासून इंधनाचा कार्यक्रम १९७८ ते १९९६ असा चालला. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल इथे हजार चौरस मीटरच्या तळ्यांवर त्यांनी प्रयोग केले. प्रयोगशाळेतून निवडून आणलेल्या जाती उघड्या तळ्यात टिकत नाहीत, बाहेरून आलेलं स्थानिक शेवाळ त्यांची जागा घेतं, हा त्यांचा ठळक अनुभव. त्यांचा समारोपाचा अहवाल १९९८ चा आहे आणि तो कुणालाही वाचता येतो. तेव्हा उघड्या तळ्यासाठी महागडं 'खास बियाणं' विकणारा माणूस एक तर हा अहवाल वाचलेला नसतो, किंवा तुम्ही तो वाचलेला नाही याची त्याला खात्री असते. जात खरी असेल, तर तिचा संग्रह क्रमांक मागा. टेक्सास विद्यापीठात, जर्मनीत ग्योटिंगेनला असे शेवाळांचे मोठे संग्रह आहेत. तिथल्या प्रत्येक जातीला क्रमांक असतो. आम्ही मागितल्यावर 'व्यापारी गुपित' असं उत्तर आलं.

सगळ्यात मोठी लबाडी मात्र याहून खोल आहे, आणि ती समजली की बाकीचं आपोआप उलगडतं. शेवाळात तेल साठतं कधी? त्याला नायट्रोजन मिळेनासा झाला की. उपासमार झाली की पेशी वाढ थांबवते आणि मिळालेली ऊर्जा चरबीच्या रूपात साठवते. आणि सांडपाण्यात भरपूर काय असतं? नायट्रोजन. जे तळं सांडपाणी स्वच्छ करतंय, त्यातलं शेवाळ पोटभर खातंय, वेगाने वाढतंय, प्रथिनं तयार करतंय. त्यात तेल कमीच असणार. उपाशी ठेवलंत तर तेलाची टक्केवारी वाढेल, पण वाढ इतकी मंदावते की एकूण तेल वाढत नाही, हेही त्या अमेरिकी अहवालातच आहे. एकाच तळ्यात एकाच वेळी सांडपाणी शुद्ध करणारं आणि ६० टक्के तेल देणारं शेवाळ, ही दोन आश्वासनं एकमेकांना छेद देतात. माहितीपत्रकात मात्र ती शेजारी-शेजारी छापलेली होती, आणि पाठीमागे हिरव्या पानाचं चित्र.

उत्पादनाचा आकडाही तसाच. रोज चौरस मीटरला २०० ग्रॅम कोरडं शेवाळ, असं लिहिलं होतं. साधा हिशेब करा. स्वच्छ, भरपूर उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर २० मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा पडते. एक ग्रॅम कोरड्या शेवाळात २२ किलोज्यूल धरले, तर २०० ग्रॅम म्हणजे ४.४ मेगाज्यूल. म्हणजे पडलेल्या उन्हाच्या २२ टक्के. प्रकाशसंश्लेषणाची सैद्धांतिक कमाल मर्यादाच ११-१२ टक्क्यांच्या घरात आहे, आणि प्रत्यक्षात चांगली चालवलेली तळी दोन-तीन टक्क्यांच्या पुढे क्वचितच जातात. रॉसवेलला एखाद्या सर्वोत्तम दिवशी ५० ग्रॅमपर्यंत मजल गेली होती, पण थंडीमुळे वर्षाची सरासरी १० ग्रॅमच्या आसपास राहिली. उबदार हवेत २० ग्रॅम सातत्याने मिळाले तरी ते कौतुकाचं. 'सर्वोत्तम दिवस' आणि 'वर्षाची सरासरी' यातला फरक विक्रेता कधीही स्वतःहून सांगत नाही, तो तुम्हालाच विचारावा लागतो.

प्रात्यक्षिक नेहमी भर दुपारी ठेवलं जायचं. पाण्यात मीटर बुडवायचा आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवायचा: लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर. पाहणारा थक्क होतो, कारण स्वच्छ नदीतही इतका नसतो. आकडा खोटा नव्हता. दुपारी उन्हात शेवाळ इतका ऑक्सिजन सोडतं की पाणी अतिसंपृक्त होतं, म्हणजे एरवी मावतो त्याहून जास्त ऑक्सिजन त्यात असतो. पण रात्री तेच शेवाळ आणि जिवाणू मिळून तो संपवतात. पहाटे, सूर्य उगवण्याआधी आम्ही तोच मीटर त्याच जागी बुडवला, तेव्हा आकडा शून्याला टेकला होता आणि पाण्याला वास येत होता. तळ्याचा खोटेपणा नव्हे, तो त्याचा रोजचा क्रम आहे, आणि चांगला अभियंता रात्रीसाठी वेगळी सोय करतो. आमच्या आराखड्यात ती नव्हतीच. जागाही मुळात अपुरी होती. दिवसाला १०० घनमीटर सांडपाणी, सहा दिवसांचा मुक्काम आणि ३० सेंटिमीटर खोली धरली, तर २,००० चौरस मीटर तळं लागतं. आराखड्यात त्याचा छोटासा हिस्साच होता, कारण जागा जास्त सांगितली असती तर सौदा झाला नसता.

पाणी स्वच्छ झाल्याचा दाखला म्हणून बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्या मापाचा, अहवाल दिला गेला. आकडा फार सुंदर होता. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात दोन शब्द होते: 'गाळलेला नमुना'. म्हणजे बाटलीतलं सगळं हिरवं शेवाळ फिल्टर कागदावर अडवून, खाली उतरलेलं पाणी तपासलं होतं. पण बाहेर सोडलं जाणारं पाणी तर शेवाळासकट जातं. पुढच्या नाल्यात ते शेवाळ मरतं, कुजतं आणि पुन्हा ऑक्सिजन खातं. एक घाण घालवून दुसरी सोडल्यासारखं होतं ते. गाळून तपासणं स्वतःत बेकायदा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. युरोपीय संघाच्या १९९१ च्या सांडपाणी निर्देशात तळ्यांसाठी गाळलेला नमुना चालतो. पण तिथेच अटही आहे, न गाळलेल्या पाण्यातले तरंगते घनपदार्थ लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. आमच्या अहवालात तो रकानाच नव्हता. दोन्ही आकडे मागा, गाळलेला आणि न गाळलेला, आणि नमुना घेताना स्वतः उभे राहा.

तेलाची छोटी बाटली सगळ्यांना हातात दिली गेली होती. सोनेरी, पारदर्शक, काचेतून पलीकडचं दिसावं असं तेल. शेवाळातून काढलेलं कच्चं तेल असं दिसत नाही. त्यात हरितद्रव्य उतरतं आणि ते गडद हिरवं, जवळजवळ काळपट असतं. आम्ही ती बाटली एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फॅटी ॲसिडच्या तपासणीला दिली. निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल निघालं, अगदी सोयाबीन तेलात असतं तसं. नॅनोक्लोरोप्सिसच्या तेलात पामिटोलेइक आणि ईपीए ही आम्लं ठळक असतात. ती या बाटलीत नव्हती. आमच्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे हा अहवाल.

आणि मग 'बायबॅक'. कंपनी सगळं शेवाळ परत विकत घेणार, असं करारात होतं. अट फक्त दोन ओळींची: ते कोरडं हवं आणि त्यात ५० टक्के तेल हवं. तेलाचं वर आलंच. कोरडं करणं ऐका. तळ्यातल्या एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम शेवाळ असतं. एका किलोसाठी दोन हजार लिटर पाणी गाळायचं, मग सेंट्रिफ्यूजमधून काढायचं, आणि तरीही हातात येतो तो चार-पाच पट पाणी असलेला लगदा. एक किलो शेवाळामागचं हे पाणी उष्णतेने उडवायला साधारण १० मेगाज्यूल तरी लागतात, आणि किलोभर शेवाळात एकूण ऊर्जा २२ च्या आसपास. निम्मी ऊर्जा वाळवण्यातच संपते. म्हणून जाणकार ओल्या शेवाळाचा बायोगॅस करतात, वाळवायच्या भानगडीत पडत नाहीत. ही अट घातली ती माल घ्यावा लागू नये म्हणूनच. 'मग पशुखाद्य म्हणून विका' असंही नंतर सुचवण्यात आलं. सांडपाण्यावर वाढलेलं शेवाळ जड धातू आणि रोगजंतू धरून ठेवतं, ते कुणाच्याही तोंडात जाता कामा नये. हा सल्ला ऐकून मला खरोखर संताप आला.

मोठ्या नावांचा हवालाही दिला जातो. एक्झॉनमोबिलने २००९ साली शेवाळ-इंधनासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी जाहीर केली होती, हे खरं. त्याच कंपनीने २०२३ पर्यंत या संशोधनातून हात काढून घेतला होता, हे माहितीपत्रकात कुठेच नसतं.

असा करार ज्यांनी आधीच केला असेल त्यांच्यासाठी: बियाण्याचा उरलेला कॅन फेकू नका. दोन साक्षीदारांसमोर त्यातले दोन नमुने काढा. एकात लुगॉलचं आयोडीन (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) पाण्याला फिकट तपकिरी रंग येईपर्यंत थेंबथेंब टाका, काचेच्या बाटलीत अंधारात ठेवा, पेशींचा आकार टिकतो. दुसरा डीएनए तपासणीसाठी तसाच फ्रीझरमध्ये ठेवा. दोन्हींवर तारीख आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या, लेबलचा फोटो काढा, आणि मगच कंपनीला पत्र लिहा. पत्र आधी गेलं, तर 'तपासणीसाठी' म्हणून कॅन परत न्यायला माणूस येतो. आमच्याकडे आला होता.