विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी: आवर्जून पाहावी अशी

विशाखापट्टणमला एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल, तर कैलासगिरीचा रोपवे बाजूला ठेवून रामकृष्ण किनाऱ्यावरील कुरसुरा पाणबुडी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सोव्हिएत बनावटीची, सुमारे 91 मीटर लांबीची ही पाणबुडी 1969 मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली, 1971 च्या युद्धकाळात तिने गस्त घातली आणि 2001 मध्ये निवृत्त झाल्यावर तिला वाळूवर आणून तिचे संग्रहालय करण्यात आले.

आत शिरताच दोन्ही बाजूंनी नळ्या, झडपा आणि तबकड्या अंगावर येतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून वाकून, आधी एक पाय टाकून जावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. आगगाडीच्या बर्थपेक्षाही अरुंद वाटणाऱ्या त्या झोपण्याच्या जागा पाहिल्यावर, इथे सत्तरहून अधिक माणसे आठवडेच्या आठवडे कशी राहत असतील, हा प्रश्न मनातून जात नाही. माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेली मंडळी असतात. घाई न करता त्यांना प्रश्न विचारावेत.

रस्त्यापलीकडचे टीयू-142 विमानही बघण्यासारखे आहे, पण पाणबुडीनंतर ते फारच ऐसपैस वाटते.